गटात बोलताना आपली आवड आणि आपली जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्याचा गट, मंडळाचा गट, सोसायटीचा गट. माणसं बरीचशी तीच असतात, पण प्रत्येक ठिकाणी त्यांचं काम वेगळं असतं. पॅकिंग खात्यात हाताखाली काम करणारा मुलगा मंडळात अध्यक्ष असतो आणि त्याचे मालक त्याच मंडळात साधे वर्गणीदार. कोणी कसं बोलायचं, किती बोलायचं आणि कोणाची सवय कोणी सांभाळायची, याचे घोळ इथूनच सुरू होतात. सोलापुरातल्या अशा गटांत नेहमी निघणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत. तांत्रिक माहिती व्हॉट्सॲपची आहे, कारण बहुतेकांचं काम त्यावरच चालतं.

आवड कशाला म्हणायचं आणि जबाबदारी कशाला?

निरोप कोणता आणि केव्हापर्यंत द्यायचा, हे जबाबदारी ठरवते. तो कसा द्यायचा, हे शक्यतो ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडावं. समजा माल पाठवणाऱ्याने संध्याकाळपर्यंत ट्रान्सपोर्टचा बिल्टी नंबर गटात द्यायचा आहे. ही त्याची जबाबदारी. तो टाइप करतो की पावतीचा फोटो टाकतो, हा त्याचा प्रश्न. मात्र फोटो धूसर आला आणि हिशेब लिहिणाऱ्याला नंबर वाचताच आला नाही, तर ‘मला फोटोच बरा वाटतो’ हे म्हणणं तिथे संपतं.

यात तिसरी गोष्ट गरजेची, आणि ती लोक विसरतात. एखाद्याला देवनागरी वाचता येत नाही, एखाद्याला बारीक अक्षर दिसत नाही, एखादा मागाच्या खडखडाटात उभा असल्यामुळे त्याला फोन ऐकूच येत नाही. या आवडी नव्हेत. गरज असेल तिथे बाकीच्यांनी आपली पद्धत बदलायची, आणि तीही कटकट न करता. भांडणं बहुतेक वेळा होतात ती समोरच्याच्या गरजेला आपण नखरा समजतो म्हणून, किंवा आपल्या नखऱ्याला गरज म्हणतो म्हणून.

भूमिका ठरलेल्या आहेत, पण गटात कोणीच पाळत नाही. काय करावं?

बहुतेक वेळा त्या ठरलेल्या नसतात, गृहीत धरलेल्या असतात. ‘अण्णा बघतील’ म्हणजे भूमिका ठरवणं नव्हे. प्रत्येक कामासाठी चार नावं लिहा: काम करणारा कोण, शेवटचा शब्द कोणाचा, आधी विचारायचं कोणाला आणि झाल्यावर कळवायचं कोणाला. पहिल्या दोन जागी प्रत्येकी एकच नाव हवं. शेवटचा शब्द दोघांचा असला की तो कोणाचाच राहत नाही. दोघे भाऊ मिळून कारखाना चालवत असतील, तर हे हमखास होतं. तिथे काम वाटून घ्या. सुताच्या खरेदीत एकाचा शब्द, विक्रीत दुसऱ्याचा.

लिहिलेलं गटाच्या वर्णनात टाका, कारण नवीन माणूस आला की तो तेच वाचतो. रोजच्या वापरातल्या एक-दोन गोष्टी पिन करा. एका गटात तीन मेसेज पिन होतात आणि त्यासाठी २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस अशी मुदत निवडता येते. मुदत संपली की पिन निघून जाते, म्हणून दर महिन्याला पुन्हा लावण्याचं काम एकाच्या नावावर हवं.

वर्णनात माणसाच्या नावाआधी कामाचं नाव लिहावं. ‘पॅकिंग: अमुक’ असं. माणूस रजेवर गेला की नाव बदलतं, जागा तशीच राहते.

टाइप करायचा कंटाळा येतो. व्हॉइस नोट पाठवली तर काय बिघडतं?

समजावून सांगायला, धीर द्यायला, कोणाची समजूत काढायला व्हॉइस नोट उत्तम. आकड्यांसाठी वाईट. दोन मिनिटांच्या नोटमध्ये ऑर्डरचा आकडा एक मिनिट चाळीस सेकंदांवर असतो. तो सापडायला दहा जणांना पूर्ण ऐकावं लागतं, आणि आठ दिवसांनी वाद झाला तर शोध घेऊन तो सापडतही नाही.

सगळ्यांना झेपेल असा मध्यम मार्ग असा: नोट पाठवा, पण तिच्याखाली एक ओळ लिहा. त्या ओळीत आकडा, एकक, माप, रंगाचा शेड नंबर आणि तारीख एवढं हवं. उदाहरणार्थ: ‘टॉवेल ३० × ६० इंच, शेड १४, ५० डझन, गुरुवारी संध्याकाळी ६ पर्यंत.’ ज्याला बोलायला आवडतं त्याने बोलावं, पण ती एक ओळ त्याच्या कामाचा भाग आहे.

ऑर्डरचे आकडे चुकतात. यात आवडीचा काय संबंध?

पुष्कळ आहे. चुकांची मुळं लोकांच्या सवयींत असतात.

पहिली सवय एकक न लिहिण्याची. ‘२०० पाठवा’ हे विक्री बघणारा नगात म्हणतो, पॅकिंगवाला डझनात ऐकतो आणि बारापट माल बांधून होतो. नग, डझन की गाठ, हे लिहिलं नसेल तर आकडा वाचणाऱ्याने काम सुरूच करायचं नाही, आधी विचारायचं. हा अधिकार पॅकिंगवरच्या अगदी नवीन मुलालाही हवा, आणि त्याने विचारलं म्हणून कोणी त्याच्यावर खेकसायचं नाही.

दुसरी सवय चिठ्ठीचा फोटो टाकण्याची. हाताने लिहिताना देवनागरी चार इंग्रजी आठासारखा दिसतो आणि देवनागरी एक इंग्रजी नऊसारखा. एकाच चिठ्ठीत दोन्ही पद्धतींचे आकडे असतील तर फसगत ठरलेलीच. एका गटात आकड्यांची एकच पद्धत ठेवा. कोणती ते महत्त्वाचं नाही. फोटो टाकलाच तर मुख्य आकडा खाली टाइप करा.

तिसरी सवय रंग फोटोवरून ठरवण्याची. ट्यूबलाइटखाली काढलेला मरून आणि दारात उन्हात काढलेला मरून हे दोन वेगळे रंग दिसतात, आणि प्रत्येक फोनचा पडदा त्यात आपली भर घालतो. फोटो कल्पना यावी म्हणून, निर्णय शेड कार्डावरच्या नंबराने किंवा सुताच्या तुकड्याने.

चौथी सवय अंगठा दाखवण्याची. 👍 म्हणजे ‘वाचलं’, ‘चालेल’ की ‘करतो’? काम घेणाऱ्याने अंगठ्याऐवजी आकडा परत लिहावा: ‘५० डझन, गुरुवार, घेतलं.’ यात पाच सेकंद जातात. ज्यांच्याकडे काम नाही त्यांनी अंगठा खुशाल द्यावा किंवा काहीच देऊ नये.

आमच्यात तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी बोलणारे सगळे आहेत. गटात भाषा कोणती?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत हा प्रश्न रोजचा आहे. मागावरचा जॉबर (माग दुरुस्त करणारा) तेलुगूत विचार करतो, ड्रायव्हर कन्नडमध्ये आणि हिशेब मराठीत लिहिला जातो. दोघांनी आपसात हव्या त्या भाषेत बोलावं, त्याला कोणाची ना नको. पण ज्या निरोपावर तिसऱ्याचं काम अवलंबून आहे, तो सगळ्यांना कळणाऱ्या भाषेत एकदा तरी यायला हवा. तेलुगूत दहा मिनिटं चर्चा झाली असेल तर शेवटी एक मराठी ओळ: काय ठरलं, कोण करणार, कधी. ती ओळ चर्चा करणाऱ्यांपैकी एकाने लिहायची. तिसऱ्याने ‘काय ठरलं हो?’ विचारेपर्यंत थांबायचं नाही.

वाचता न येणाऱ्यासाठी उलट करा. लेखी निरोपाबरोबर त्याच्या भाषेत पंधरा सेकंदांची नोट. आणि मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्यांना एक विनंती: ‘kal’ म्हणजे काल की काळ, की हिंदीतला उद्या, हे गटात रोज कोणाला तरी कळत नाही. वार आणि तारीख लिहा.

सोलापुरी ‘बे’बद्दलही विचारलं जातं. तोंडी ‘काय बे’ यात जवळीक असते, सूर असतो. लिहिल्यावर सूर गळून पडतो, आणि बाहेरगावच्या नवीन मॅनेजरला ते उर्मट वाटतं. मित्रांच्या गटात चालू द्या. कामाच्या गटात वरच्याने खालच्याला तर ‘बे’ लिहूच नये, कारण खालचा परत लिहू शकत नाही.

मी रात्री नऊनंतर कामाचे मेसेज बघत नाही. हे योग्य आहे का?

योग्य आहे, पण आधी सांगितलेलं हवं, आणि तुमच्या कामाला ते परवडायला हवं. हिशेब बघणाऱ्याला परवडतं. रात्रपाळीच्या देखरेखीवर असलेल्याला परवडत नाही, कारण वीज गेली किंवा माग बंद पडला तर विचारायचं कोणाला?

गटासाठी दोन रस्ते ठरवा. मेसेजचा रस्ता सावकाश: उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आलं तरी चालेल. फोनचा रस्ता तातडीचा: आग, अपघात, वीज, वाटेत अडकलेला माल, एवढ्यापुरताच. तातडीचं काय, याची यादी पाच ओळींपेक्षा मोठी झाली तर ती फसते, कारण मग सगळंच तातडीचं होतं. ज्याला रात्री शांतता हवी त्याने गट म्यूट करावा. ८ तास, १ आठवडा किंवा कायम असे पर्याय मिळतात. पाठवणाऱ्यालाही रात्री अकराला आठवलेलं लिहून टाकायची मुभा आहे, पण उत्तराची अपेक्षा नाही. ‘सकाळी बघा’ हे दोन शब्द जोडले की वाचणाऱ्याला झोप लागते.

निळ्या टिका दिसतात, उत्तर येत नाही. मुद्दाम करतात का?

सहसा नाही. माणूस गाडीवर असतो, मागापाशी असतो, किंवा ‘दुसरं कोणी देईल’ असं समजतो. हे शेवटचं कारण सर्वांत मोठं. ‘कोणी चेक करेल का?’ असं विचारलं की वीस जण वाचतात आणि एकही उठत नाही. नाव घेऊन विचारा, @ लावून विचारा, वेळ द्या.

आपल्या मेसेजवर बोट दाबून धरून ‘माहिती’ उघडली की गटात कोणी वाचलं आणि कोणाला नुसतं पोहोचलं, ते दिसतं. निळ्या टिका बंद ठेवल्या तरी गटात त्या लपत नाहीत. पण ही यादी पुरावा म्हणून चारचौघांत टाकू नका. ‘तुम्ही १०.४२ ला वाचलंय’ असं म्हटल्यावर माणूस कामाला लागत नाही, दुखावला जातो आणि पुढच्या वेळी गट उघडायचंच टाळतो. फोन करा.

वयाने मोठे काका चुकीचं लिहितात. माझ्याकडे सचिवपद आहे, पण गटात दुरुस्त कसं करू?

मान वयाला द्या, माहिती पदाने द्या. चूक नुसती मताची असेल तर काहीच करू नका. तारीख, रक्कम किंवा ठिकाण चुकलं असेल तर दोन पावलं घ्या. आधी काकांना एकट्याला फोन: ‘काका, बैठक रविवारी आहे, गटात शनिवार पडलंय, बदलता का?’ मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांत तो संपादित करता येतो. त्यानंतर फक्त काढून टाकता येतो, तोही साधारण अडीच दिवसांच्या आत. काकांना जमत नसेल तर ॲडमिन तो मेसेज काढू शकतो, पण त्यांना विचारून.

दुसरं पाऊल, सचिव म्हणून स्वच्छ घोषणा: ‘बैठक: रविवार, सकाळी ११, सभागृह.’ त्यात ‘काकांनी चुकून’ हा उल्लेख नको. फोन लागला नाही आणि गटात पडलेली चुकीची वेळ दोन तासांवर आली असेल, तर पहिलं पाऊल सोडून द्या. चाळीस जण चुकीच्या दिवशी येण्यापेक्षा एकाचा क्षणभर रुसवा परवडतो.

माझं मत कमिटीच्या निर्णयाविरुद्ध आहे. गटात लिहू शकतो का?

लिहू शकता, पण कोणत्या नात्याने लिहिताय ते आधी सांगा. अडचण होते ती एकाच माणसाने दोन नात्यांनी एकाच मेसेजमध्ये बोलल्यामुळे. खजिनदार लिहितो, ‘डीजेवर एवढा खर्च मला पटत नाही.’ हे त्याचं मत आहे की पैसे मिळणार नाहीत असा निकाल? वाचणारे निकाल समजतात आणि भांडण पेटतं.

असं लिहून बघा: ‘खजिनदार म्हणून: शिल्लक इतकी आहे, डीजे घेतला तर लेझीमच्या गणवेशाला पैसे उरत नाहीत. माझं वैयक्तिक मत: लेझीम हवं.’ दोन ओळी, दोन नाती. पहिली माहिती आहे, ती सगळ्यांनी मानायची. दुसरं मत आहे, त्याचं वजन इतर कोणाच्याही मताएवढंच.

मत मांडायची वेळ निर्णयाआधीची. ठरल्यावर पदाधिकाऱ्याने गटात निर्णयाची बाजू सांभाळायची, मतभेद बैठकीत. साध्या सदस्यावर हे बंधन नाही. तो नंतरही कुरकुरू शकतो, पद घेतलेल्याला ती चैन नाही. निर्णय बेकायदा किंवा धोकादायक वाटत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे विरोध लेखी नोंदवा, गरज पडली तर पद सोडा.

मी वर्गणीचा हिशेब बघते. लोकांना पैसे मागायला फार अवघड वाटतं.

अवघडलेपण हा स्वभाव आहे आणि तो बदलायची गरज नाही. मागण्याची पद्धत अशी लावा की प्रत्येक वेळी तुम्हाला धीर गोळा करावा लागणार नाही. तारीख सुरुवातीलाच ठरवा, म्हणजे आठवण नियमाची होते, तुमची उरत नाही. गटात फक्त जमा झालेल्यांची यादी टाका, बाकी असलेल्यांची नको. बाकीवाल्यांना एकेकट्याला कळवा. कोणाच्या घरी आजारपण असतं, कोणाचा पगार लांबलेला असतो. रोख घेतली तर पावती त्याच दिवशी. दोन दिवसांनी कोणी किती दिले हे घेणाऱ्यालाही आठवत नाही.

मतदान घेतलं की वाद मिटतो ना?

जेवण काय ठेवायचं यासाठी मिटतो. पोलमध्ये जास्तीत जास्त १२ पर्याय देता येतात आणि एकापेक्षा जास्त उत्तरं निवडायची सोय आधीच चालू असते. एकच हवं असेल तर ती बंद करायला विसरू नका. कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. त्यामुळे मालकांनी किंवा अध्यक्षांनी आधी मत दिलं की बाकीचे तिकडेच वळतात. वरच्यांनी शेवटी मत द्यावं.

सोसायटीत हे आणखी जपून. गटावरचा पोल म्हणजे सभेचा ठराव नव्हे. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेला १४ पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते. पोलवरून कल घ्या, मंजुरी सभेतच.

गुड मॉर्निंगची फुलं बंद करावीत का?

वेगळा गट काढा, फुलं तिकडे. खरा प्रश्न ‘पाणी सुटलं’ या मेसेजचा आहे. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे हा निरोप फुलांच्या ढिगात गेला तर चार घरांच्या टाक्या कोरड्या राहतात. अशा घोषणांसाठी फक्त ॲडमिन लिहू शकतील असा गट ठेवा आणि पाण्यासाठी किमान दोन ॲडमिन नेमा. एकटा असला की तो गावाला गेलेल्या दिवशीच पाणी येतं.

कोणी आक्षेपार्ह टाकलं तर ॲडमिन अडकतो का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असं म्हटलं की, सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणी दोषी ठरत नाही. त्यात त्याचा समान हेतू किंवा संगनमत दिसायला हवं. तरी दिसताक्षणी मजकूर काढा आणि टाकणाऱ्याशी खासगीत बोला.

महिला सदस्यांना आपला नंबर सगळ्यांना दिसायला नको असतो.

साध्या गटात तो दिसतोच. कम्युनिटी (अनेक गट एकत्र बांधायची व्हॉट्सॲपची सोय) केली तर तिच्या घोषणा गटात इतर सदस्यांना नंबर दिसत नाही; ॲडमिनना आणि ज्यांच्याकडे नंबर आधीच सेव्ह आहे त्यांना दिसतो. शंभर जणांची कम्युनिटी आणि त्यात कामाचे छोटे गट ही रचना मंडळांना चांगली बसते. अनोळखी माणसाने न विचारता कुठेही जोडू नये म्हणून प्रत्येकीने प्रायव्हसीत ‘गट’ इथे जाऊन ‘माझे संपर्क’ निवडावं.

यात्रेत किंवा मिरवणुकीत गट चालतच नाही. मग?

गर्दीत डेटा अडतो, फोन लागला तरी ऐकू येत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या) मार्गावर उभे राहणारे स्वयंसेवक असोत की विसर्जनाचे, इथे आवडीनिवडी बाजूला ठेवाव्या लागतात. आदल्या दिवशी हे करा. मार्गाचे टप्पे पाडा, प्रत्येक टप्प्याला एकच प्रमुख. सगळ्या प्रमुखांचे नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात, कारण बॅटरी संपते. निरोपांचा एकच साचा: जागा, काय झालं, काय हवं. ‘चौकात चेंगराचेंगरी वाटतेय, दोरी आणि दोन माणसं.’ डेटा नसेल तर साधा एसएमएस करून बघा, तो कमकुवत नेटवर्कवरही बहुधा निघून जातो. तोही नाही गेला तर माणूस पळवा. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर एक जण मोकळा ठेवलेला हवा. व्हिडिओ काढून गटात टाकणं दिवसभर बंद. हे कोणालाच आवडत नाही.

मला पद सोडायचंय. गटातून बाहेर पडलं की झालं का?

नाही. गट सोडल्याची सूचना आता फक्त ॲडमिनना दिसते, त्यामुळे बाकीचे तुम्हीच बघताय असं समजून आठवडाभर थांबतात. जाण्याआधी तीन गोष्टी करा. वर्णनातलं नाव बदला. अर्धवट कामं एका मेसेजमध्ये लिहा: काय, कोणाकडे, पुढची तारीख. आणि तुम्ही ॲडमिन असाल तर आधी दुसऱ्याला ॲडमिन करा. एकुलता ॲडमिन बाहेर पडला तर व्हॉट्सॲप आपोआप कोणालाही ॲडमिन करतं, आणि तो बहुधा नेमका फुलं पाठवणाराच निघतो. नवीन माणसाबरोबर आठ-दहा दिवस गटात राहा, पण प्रश्न आला तर स्वतः उत्तर न देता त्याचं नाव लावा.